नाव घेण्याचं निमित्त

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत माणूस आडवा पडलेला असतो आणि पुष्कळदा त्याच्या अंगाशी गाई उभ्या असतात. त्यावरच्या चौकटीत लढाई असते. ढाल-तलवार घेतलेला तो एकटा, समोर दोघे-तिघे, कधी त्यातला एखादा घोड्यावर. तिसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सगळ्यात वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य आणि टोकाला कळस. मरणापाशी सुरू होऊन देवापाशी पोचणारी ही गोष्ट वाचायला अक्षरओळख लागत नाही. गुरं राखणाऱ्या पोरालाही ती कळावी, अशा बेतानंच पाथरवटानं ती कोरलेली असते.

एकच गोष्ट त्यावर नसते, ती म्हणजे नाव. कर्नाटकात लेख कोरलेले वीरगळ पुष्कळ सापडतात. कोण पडला, कुठल्या राजाच्या वेळी पडला, कशासाठी पडला, हे तिथे दगडच सांगतो. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके आहेत. यादवांच्या नि शिलाहारांच्या काळातले असोत की त्यानंतरचे, त्यांच्यावर चित्रं आहेत, अक्षरं नाहीत. मला वाटतं, नाव कोरायची कुणाला गरजच वाटली नसेल. तो कोण, हे गावाला ठाऊकच होतं. गोष्ट दगडानं सांभाळायची आणि नाव माणसांनी सांभाळायचं, अशी ती वाटणी होती. दगडानं आपला वाटा सातशे-आठशे वर्षं सांभाळला. माणसांच्या वाट्याचं काय झालं, ते मला इथे सांगायचं आहे.

आमचं गाव भीमेच्या काठावर होतं. आता ते उजनीच्या पाण्यात आहे. गावाला दगडी वेस होती, वेशीच्या आत मारुती, मारुतीपुढे पार, आणि वेशीबाहेर उजव्या अंगाला लिंबाच्या सावलीत ओळीनं पाच दगड उभे होते. चार वीरांचे आणि एक सतीचा. गावात त्यांना कुणी वीरगळ म्हणत नसे. 'वीर' एवढंच म्हणत. 'वीरापाशी थांब', 'वीरापाशी गाडी सोडली', 'वीराच्या पुढं चप्पल काढ.' उन्हाळ्यात येणाऱ्या लोहाराचं पाल वीरापाशीच पडायचं. शाळेतून सुटलेली पोरं दप्तरं वीराच्या पायाशी टाकून सूरपारंब्या खेळायची. त्यात त्या दगडांचा काही अपमान आहे, असं म्हाताऱ्यांनासुद्धा वाटत नसे.

त्यातल्या तिसऱ्या दगडाची सेवा आमच्या घराकडे होती. म्हणजे थोरल्या आत्याकडे. आत्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आलेली. घरातल्या देवांची पूजा पुरुषांकडे होती, पण वेशीवरच्या वीराची पूजा कशी कोण जाणे तिच्याकडे आली होती आणि ती तिच्याकडून काढून घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. अमावास्येला ती पितळी वाटीत गोडं तेल घेऊन जायची. आधी पदरानं दगडावरची धूळ पुसायची. मग तळहातानं तेल लावायची, खालच्या चौकटीपासून वरच्या चौकटीपर्यंत, त्याच क्रमानं. खालच्या गाईंना ती बोटानं वेगवेगळं तेल लावायची, एकीला चुकवायची नाही.

गोष्ट ती सगळ्या पोरांना सांगायची. गावाची गुरं नदीपल्याडच्या माळावर चरायला गेली होती. दरोडेखोरांनी ती वळवली. गावातले बाप्ये पेरणीच्या कामात. हा एकटा धावला. गुरं सोडवली, नदीत घातली, स्वतः मागं राहून त्यांची वाट अडवून धरली. गुरं वेशीपाशी पोचली, त्यांच्यामागून हा आला आणि इथंच, या लिंबाच्या जागी पडला. "समदी गुरं आल्यावर पडला, आदी न्हाई," हे आत्या दरवेळी सांगायची. त्या एका वाक्यापाशी तिचा आवाज बदलायचा.

पाचवा दगड सतीचा होता. कोपरात वाकलेला एक उभा हात, हातात चुडा भरलेला, वर चंद्र-सूर्य. त्या दगडाबद्दल आत्या गोष्ट सांगत नसे. पोरींनी विचारलं, तर म्हणायची, "तिला कुनी इचारलं आसंल का?" आणि पुढं बोलत नसे. पण पूजेची वाटी घेऊन गेली की त्या हाताला ती हळद-कुंकू लावून यायची. जिच्या स्वतःच्या हातात बांगडी नव्हती आणि जिला कुंकवाचा करंडा उघडायला लोक देत नव्हते, ती त्या दगडी चुड्याला कुंकू लावायची. वीराचं शौर्य आणि बाईचं जळणं एकाच ओळीत उभं करणाऱ्या त्या काळाबद्दल मी पुढं पुष्कळ वाचलं. पण आत्याच्या त्या एका प्रश्नाइतकं खरं मला त्यात फार थोडं सापडलं.

वीराच्या पुढं नाव घ्यायचे प्रसंग ठरलेले होते. पोळ्याला गावचे बैल वेशीतून मिरवत यायचे, तेव्हा मानाची जोडी वीरापुढं थांबायची. गुरांसाठी मेलेल्या माणसाला गुरांनी मान द्यायचा, असा त्याचा अर्थ आम्ही लावला होता. गावातला नवरदेव लग्नाला निघाला की वेशीबाहेर घोडं उभं राहायचं आणि वीराला नारळ फुटायचा. नवी नवरी गावात येताना तिथे पाया पडूनच वेशीत शिरायची, आणि गावची लेक सासरी जाताना तिची गाडी तिथे थांबायची. दरवेळी नारळ फोडण्याआधी आत्या पुटपुटायची. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावं मागं मागं जात आणि सगळ्यात शेवटी त्याचं नाव यायचं. ते मोठ्यानं घ्यायची रीत नव्हती. आम्हा पोरींच्या कानांवर नुसता नाद पडायचा, आणि मग नारळ फुटल्याचा आवाज.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न हे त्या वेशीतून निघालेलं शेवटचं लग्न.

धरणाचं बोलणं गावात कित्येक वर्षं चाललं होतं. मोजणीवाले यायचे, खुणेचे दगड रोवून जायचे. मग पंचनामे झाले. जमीन किती, जिरायत की बागायत, घर किती खणांचं, माळवद की पत्रा, विहीर बांधीव की कच्ची, आंबे किती, लिंब किती. सगळ्याचा रकाना होता आणि रकान्याप्रमाणे मोबदला होता. लिंबाचा मोबदला मिळाला. लिंबाखालच्या पाच दगडांना रकाना नव्हता, कारण ते कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हते. ते साऱ्या गावाचे होते, आणि साऱ्या गावाचं जे असतं त्याचा दावेदार कागदावर कुणीच नसतो.

गाव उठलं तेव्हा लोकांनी नेता येईल ते सगळं नेलं. तुळया नेल्या, खांब नेले, चौकटी आणि उंबरे नेले. वाड्यांच्या जोत्याचे घडीव दगडसुद्धा लोकांनी मोकळे करून गाड्यांत भरले, कारण नव्या गावठाणात पायासाठी दगड लागणार होता. देव वाजत-गाजत नेले. मारुतीला उठवताना भजन झालं, गुरवानं अंगात आल्यासारखं रडून घेतलं. वीरांचं काय, असं आत्यानं विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. नेऊ म्हणाले, मागून नेऊ. एकेक दगड पुरुषभर उंच, निम्मा जमिनीत. ट्रक शेतातून फसत होते. पाऊस तोंडावर आला होता. कुणाच्याही मनात खोट नव्हती. ज्यांची चूल अजून मांडायची आहे, अशी माणसं ती. पुढच्या पावसाळ्यात पाणी वेशीला लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जलाशय चढू लागला आणि १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं.

या धरणानं दिलं ते मी नाकारत नाही. ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा जलाशय. त्याच्या जिवावर सोलापूर पाणी पितं, माढा-पंढरपूरकडचा ऊस उभा राहतो. काठावर राहिलेल्या धरणग्रस्तांनीही मोटारी टाकून पाणी उपसलं, आणि पोरं शिकली ती त्या पाण्यावरच. भिगवणच्या बाजाराला मासळीनं नाव दिलं आणि हिवाळ्यात पाण्याच्या कडेला रोहित पक्षी येऊ लागले, ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात. पाण्याच्या पृष्ठभागावर जे आहे ते सुंदर आहे. मी लेक म्हणून बोलते आहे, जिचं माहेर त्या पृष्ठभागाच्या खाली आहे.

नवं गावठाण सरळ रेषेत आखलेलं. प्लॉट, गल्ली, प्लॉट, गल्ली. मारुती आला, शाळा आली, पुढं पाण्याची टाकी आली. वेस आली नाही. आखलेल्या गावाला वेस कशाला लागेल? आणि वेस नाही म्हटल्यावर आत-बाहेर उरलं नाही, वेशीपाशी थांबणं उरलं नाही. पोळ्याचे बैल मारुतीला वेढा घालून घरी जाऊ लागले. पुढं ट्रॅक्टर आले आणि बैलच कमी झाले. लग्नं हायवेवरच्या मंगल कार्यालयात लागू लागली. नवरदेव गाडीतून थेट स्टेजपाशी उतरतो.

आत्या अमावास्येला तेलाची वाटी घेऊन गावठाणाच्या कडेला जायची आणि पाण्याच्या दिशेनं तोंड करून उभी राहायची. तेल कशाला लावणार? थोडा वेळ उभी राहून वाटी तशीच परत आणायची आणि ते तेल त्या दिवशी देवापुढच्या दिव्यात जायचं. तिचे ओठ हलायचे. म्हणजे नाव तेव्हा होतं. आत्या गेली ती नवं गाव जुनं दिसू लागल्यावर, म्हातारी होऊन, झोपेत. तिच्यामागं ते नाव घेण्याचं निमित्त कुणाला आलं नाही.

मी 'निमित्त' म्हणते, कारण पुष्कळ विचारानंतर माझ्यापाशी तेवढं एकच उत्तर उरलं आहे. आमच्या घरातलं कुणी स्मरणाला कच्चं नव्हतं. माझ्या वडिलांना पाव शतकापूर्वीचे ज्वारीचे भाव पाठ होते. आईला सगळ्या भावकीतल्या बाळंतपणांच्या तिथ्या सांगता यायच्या. पण नाव नुसतं आठवणीत राहत नाही. ते उच्चारावं लागतं, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, दुसऱ्याच्या कानांवर पडेल असं. बैल थांबले की नाव, नारळ हातात आला की नाव, गाडी थांबली की नाव. पाण्यानं आधी बैलांचं थांबणं नेलं, गाडीचं थांबणं नेलं. मग नाव आपोआप गेलं. त्याला कुणी विसरलं नाही. ते घेण्याची पाळीच पुन्हा आली नाही.

याच भीमेच्या काठी वरच्या अंगाला, कोरेगावात, दुसऱ्या तऱ्हेचा दगड उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं तिथे स्तंभ उभारला, तो स्वतःच्या सैन्याच्या कौतुकासाठी. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली. त्यात महार शिपायांची नावं आहेत, शेवटी 'नाक' असलेली, वाचता येणारी. गावांतल्या वेशी ज्यांच्यासाठी मोकळ्या नव्हत्या, त्यांची नावं. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले आणि त्या नावांना वारस मिळाले. आज दरवर्षी त्या दिवशी तिथे लाखो माणसं येतात. दगड उभारणाऱ्याचा हेतू कधीच मागं पडला. नावं होती म्हणून नातं जोडता आलं, आणि तारीख होती म्हणून ते टिकलं.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. त्या युद्धाच्या अशा पाट्या आपल्याकडे अनेक गावांत दिसतात. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले, एवढंच त्यांवर असतं. गेलेल्यांचा आकडा आहे, नावं नाहीत. अपशिंग्याला आज 'मिलिटरी' हे बिरुद गावाच्या नावातच लागलेलं आहे. तिथे घराघरांतून पोरं फौजेत जात राहिली, म्हणून तो आकडा जिवंत राहिला. जिथे ती परंपरा तुटली, तिथे तशाच पाटीवर नुसता चुना चढतो. आणि बोरिवलीजवळच्या एक्सर गावातले ते प्रसिद्ध वीरगळ! त्यांवर ओळीनं वल्ह्यांची गलबतं आहेत, समुद्रावरचं युद्ध आहे, पाण्यात पडणारी माणसं आहेत. अभ्यासक त्यात उत्तर कोकणचे शिलाहार नि यादव यांच्यातली लढाई शोधतात, कुणी आणखी मागं जातात. कोरीव काम इतकं बोलकं, तरी ती माणसं कुणाची, हे सांगणारं घर तिथे उरलेलं नाही. दगडाभोवतीचं गाव शहरानं गिळलं की पाण्यानं, फरक थोडाच पडतो.

१९८२ मध्ये धारवाडहून एस. शेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा मोठा ग्रंथ निघाला. सोंथायमर आपल्या धनगरांच्या वाड्यांवर नि जत्रांतून हिंडलेला माणूस. या दगडांकडे लक्ष देऊन बघायला त्यानं पुष्कळांना शिकवलं. तो ग्रंथ मी फार उशिरा हातात घेतला. त्यावरचं साल पाहिलं आणि गलबलून आलं. त्याच्या दोनच वर्षं आधी आमचे पाच दगड पाण्याखाली गेले होते. ज्यांनी ते वाचले असते ती माणसं आणि ज्यांना नाव सांगता आलं असतं ती माणसं, दोन्ही एकाच काळात जिवंत होती, एकाच मुलखात हिंडत होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली. आमच्याकडे असंच म्हणतात. उपयुक्त साठा संपला की उणे टक्के सुरू होतात, आणि त्या वर्षी पाणी उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरलं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, करमाळ्याच्या बाजूला कुगावचा जुना इनामदार वाडा उघडा पडला. वर्तमानपत्रांतून फोटो आले, बघणाऱ्यांची रीघ लागली. आमचंही गाव वर आलं. प्रसिद्ध देऊळ नाही, वाडा नाही, म्हणून तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. आम्हीच गेलो. गावठाणातली माणसं, माझ्यासारख्या दिलेल्या लेकी, पुण्याला स्थायिक झालेली पोरं, त्यांची पोरं.

गाळ वाळून त्याच्या ढलप्या उठल्या होत्या. शिंपल्यांचा खच पडला होता. घरांच्या जागा जोत्यांवरून ओळखायच्या, आणि जोती लोकांनी नेलेली. तरी प्रत्येक जण आपल्या घरापाशी बरोबर जाऊन उभा राहिला. "हितं चूल," "हितं पेव," "हितं आमची दावण." लिंबाचा बुंधा काळा पडून उभा होता. वेशीची एक बाजू शाबूत होती. आणि वीर होते. दोन उभे, दोन आडवे, एक गाळात गळ्यापर्यंत.

तिसऱ्या दगडाजवळ आम्ही गाळ हातांनी उकरला. खालची चौकट उघडली. गाई तशाच होत्या. पाण्यानं वरच्या चौकटी झिजवल्या होत्या, अप्सरांचे चेहरे गेले होते, पण गाळात पुरलेल्या गाईंची शिंगंसुद्धा जागच्या जागी होती. त्या दगडानं आपलं काम आमच्यापेक्षा चांगलं केलं होतं.

माझ्या भावाच्या नातवानं विचारलं, "हे कोण आहेत?"

मी गोष्ट सांगितली. गुरं वळवली, हा धावला, गुरं पोचल्यावर पडला, आधी नाही. पोरगं लक्ष देऊन ऐकत होतं. मग त्यानं सरळ विचारलं, "पण नाव काय?"

पलीकडे उभे असलेले मळ्यातले एक आजोबा म्हणाले, "आमच्या भावकीतला हाय त्यो. आमच्या देवघरात घोड्यावरच्या वीराचा टाक हाय, त्यो ह्याचाच." माझा चुलतभाऊ म्हणाला, "तसं कसं दादा, तेल तर आमच्या घरचं असायचं." तेवढ्यात मागून एक म्हातारी बोलली. त्यांचं घर वेशीबाहेर, नदीच्या अंगाला होतं, आणि जुन्या काळी गावाची राखण त्यांच्या घराकडं होती. ती म्हणाली, "राखणीला आमची मान्सं आसायची. दरोडा आला तर पयल्यांदा कोन धावनार? तुमी का आमी?"

कुणीच बोललं नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि ते सगळ्यांना कळलं. वर्षानुवर्षं आमच्या घरानं ज्याला आपला म्हणून तेल लावलं, तो त्यांचा असू शकत होता. किंवा कुणाचाच नसून साऱ्या गावाचा असू शकत होता. आत्याला काय माहीत होतं, तिनं ते नाव कुणाकडून ऐकलं होतं, त्या नावापुढं कुठलं आडनाव होतं की नव्हतंच, हे आता कळायला वाट नाही. मला त्या क्षणी दुःख झालं ते केवळ नाव गेल्याचं नव्हतं. ती म्हातारी एवढी वर्षं आपलं म्हणणं उरात घेऊन राहिली होती आणि ते सांगायची तिची पाळीसुद्धा वेस बुडाल्यावरच आली होती. जुन्या निमित्तांत तिच्या घराला जागा नव्हती. जे बुडालं त्याबद्दल हळहळताना हेही धरून ठेवलं पाहिजे.

पाऊस झाला, पाणी चढलं, वीर पुन्हा आत गेले.

महाराष्ट्रातल्या गावागावांत असे दगड आहेत. वाईजवळच्या किकलीत तर भैरवनाथाच्या आवारात वीरगळांच्या रांगाच आहेत. कित्येक ठिकाणी त्यांना ऑइलपेंट फासला जातो, जीर्णोद्धाराच्या काँक्रीटमध्ये ते पायाखाली जातात, विहिरीवर धुण्याच्या दगडाचं काम करतात. अलीकडे गावोगावची तरुण पोरं सुट्टीच्या दिवशी पहारी-दोर घेऊन ते उकरून काढतात, स्वच्छ करतात, ओट्यावर ओळीनं मांडतात. मला त्या पोरांचं फार अप्रूप वाटतं. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की दगड उचलण्याआधी शेजारच्या ओसरीवर बसलेल्या म्हातारीला विचारा. दगड आणखी पाचशे वर्षं थांबेल. तिला थांबता येणार नाही.

आमच्या नव्या गावात वेशीच्या जागी काहीतरी उभं करावं, असा विषय आता निघाला आहे. कुणी कमान म्हणतं, कुणी पुतळा म्हणतं. मला वाटतं, साधा काळा दगड पुरे. त्यावर जुन्या गावाचं नाव असावं, गाव उठल्याचं साल असावं, आणि त्या वेळी गावात असलेल्या प्रत्येक घराचं नाव असावं. वेशीच्या आतली घरं आणि बाहेरची घरं, एकाच टाकीनं, एकाच आकारात. पुनर्वसनाच्या कागदांत ती यादी निघेल. ज्यांना जमीन नव्हती म्हणून मोबदला नव्हता, त्यांची नावं कागदांत निघणार नाहीत, ती माणसांनाच विचारावी लागतील. वीराबद्दल तिन्ही घरांचं म्हणणं लिहावं, कुणाचंही खोडू नये. सतीच्या हाताखाली आत्याचा प्रश्न लिहावा. आणि वर्षातून एक दिवस ठरवावा, पोळ्याचाच ठरवावा, की ज्या दिवशी गावातल्या पोरांनी ती सगळी नावं मोठ्यानं वाचायची. पुटपुटायची नाहीत. मोठ्यानं.

गाव उठलं तेव्हा जे कर्ते होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. जे तेव्हा पोरसवदा होते, त्यांनी साठी-सत्तरी गाठली आहे. दरवर्षी त्यांतली दोन-चार घरं मिटतात आणि प्रत्येक घराबरोबर जुन्या गावातली एखादी गल्ली कायमची मिटते. दगडासाठी वर्गणी जमायला वेळ लागेल, ठराव व्हायला वेळ लागेल. वही-पेन्सिलीला काहीच लागत नाही. नदीच्या अंगाच्या त्या म्हातारीकडे आधी जायला हवं, आणि ते याच महिन्यात.